सासू, जावई आणि पडद्यावरची बाई

कामावर त्याला सगळे जिराफ म्हणत. एक तर तो होताच उंच, प्रत्येक दारातून वाकून आत येणारा. आणि दुसरं म्हणजे त्याचं बसणं असायचं थेट आभाळात, क्रेनच्या टोकाशी टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये. खाली इमारतीचे मजले चढायचे आणि वर हा एकटा बसून लोखंडी सळ्या, विटांचे ढीग, काँक्रीटच्या भल्यामोठ्या बादल्या अलगद उचलून इकडच्या तिकडे ठेवायचा. केबिनच्या तळालाही काच होती. त्या काचेतून, स्वतःच्या दोन गुडघ्यांच्या मधून, सतत खाली बघत राहायचं, हीच त्याची नोकरी. वर्षानुवर्षं खाली बघून बघून मानेनं एक दिवस संप पुकारला. दाढी करताना त्याच्या लक्षात आलं, की ती डावीकडे कुरकुरत का होईना जाते, उजवीकडे मात्र साफ नकार.

त्यानं आधी कुणाला पत्ता लागू दिला नाही. रस्ता ओलांडताना तो अख्खा वळायचा, कपाट सरकवावं तसा. बायकोनं उजवीकडून हाक मारली की पूर्ण गिरकी घेऊन तिच्यासमोर उभा राहायचा. बायकोला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा नीट लक्ष द्यायला लागला. तिला बरंही वाटलं बिचारीला.

पण कंपनीच्या डॉक्टरांपुढे ही सोंगं चालेनात.

"उजवीकडे बघा," डॉक्टर म्हणाले.

जिराफानं डोळे उजवीकडे फिरवले.

"डोळे नाही. मान."

त्यानं खांदे फिरवले.

"खांदे नाही हो, मान! मानच फक्त!"

त्यानं मग खुर्चीच फिरवली. खुर्ची फिरती होती, त्याचा इलाज नव्हता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, ज्याला उजवीकडचं दिसत नाही त्याला मी एवढ्या उंचीवर बसवणार नाही. सोमवारी परत या. थोडी तरी मोकळी झाली तर बघू. नाहीतर काही महिने गोदामात काम करा."

"गोदामात?" जिराफ म्हणाला. गोदाम तळघरात होतं. तिथे एक ट्यूबलाइट होती, तीही फडफडणारी. आणि वर? वर सकाळी धुकं खाली पसरलेलं असायचं आणि त्याची केबिन तेवढी उन्हात. कधी एखादा पक्षी क्रेनच्या हातावर येऊन बसायचा आणि काचेतून त्याच्याकडे असा बघायचा, जणू हा नवा भाडेकरू कोण. ते सोडून खिळ्यांची खोकी रचायची? "डॉक्टर, काहीतरी औषध द्या."

"औषध कसलं? योग करा. घरच्या घरी. व्हिडिओ असतात ढिगानं."

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर चौघं होती. तो, चपलांच्या दुकानात मॅनेजर असलेली बायको, शाळकरी लेक, आणि सासूबाई. सासूबाईंच्या घराला रंग लावणं चाललं होतं, म्हणून त्या काही दिवस इथे राहायला आल्या होत्या.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचा सगळा जन्म नाटकात गेला, पण प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या प्रॉम्प्टर होत्या. विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायचं, हातात संहिता, आणि नटाची दातखीळ बसली की पुढचा शब्द असा कुजबुजायचा, की तो नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. बातम्या सांगणारा जरा अडखळला, की सासूबाई सोफ्यावरून त्याला शब्द पुरवत.

आणि जावयाशी त्यांचं नातं कसं होतं? उत्तम होतं. इतकं उत्तम, की दोघांनाही त्याचा घाम फुटायचा. त्या त्याला 'जावईबापू' म्हणत, तो त्यांना 'आई' म्हणे, आणि दोघं एकमेकांसमोर इस्त्री केल्यासारखी बसत. सकाळी न्हाणीघराच्या दाराशी गाठ पडली की "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही", "नाही हो, मला काही घाई नाही" हे इतका वेळ चाले, की लेक दोघांच्या मधून आत घुसून कडी लावून घेई. मग बाहेर दोघं भिंतीकडे बघत उभी.

"योग?" सासूबाई अदबीनं म्हणाल्या. "चांगलं असतं म्हणतात, जावईबापू."

"हो ना, आई. म्हणतात खरं."

आणि दोघं सूप पिऊ लागली.

लेकीनं जेवण झाल्याबरोबर व्हिडिओ शोधून टीव्हीवर लावून ठेवला. 'अगदी नवशिक्यांसाठी योग'. चित्रात एक हसतमुख बाई स्वतःच्या पायाशी अशा काही सलगीनं बसली होती, की पाय दुसऱ्याच कुणाचा वाटावा. "बाबा, तू फक्त हे बटण दाब. माझं पोहणं आहे शनिवारी, नाहीतर मी थांबले असते. मला बघायचं होतं."

"म्हणूनच शनिवारी," जिराफ म्हणाला.

शनिवारी दुपारी घर रिकामं झालं. बायको दुकानात गेली, लेक पोहायला, सासूबाई रंगाचं काम कुठवर आलं ते बघायला. जिराफानं दाराला आतून कडी लावली नाही, हीच चूक झाली. टेबल भिंतीला लावलं, सोफा मागे ढकलला, मधल्या जागेत जुनी रजई अंथरली. विजार जुनी, सैल. चष्मा काढून टेबलावर ठेवला. पायमोजे काढायला वाकावं लागलं असतं, म्हणून ते राहू दिले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्यानं बटण दाबलं.

"नमस्कार," पडद्यावरची बाई मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली. "आज आपल्याला कुठेही पोचायचं नाही. फक्त आपल्या शरीराचं ऐकायचं."

जिराफानं ऐकलं. शरीर म्हणालं, सोफ्यावर बस.

"पाय जुळवून ताठ उभे राहा. तळव्यांना मुळं फुटली आहेत असं समजा."

हे जमलं. उभं राहणं त्याला येत होतं. त्याला जरा धीर आला. मग बाईनं दोन्ही हात वर न्यायला सांगितले आणि त्याचे हात सरळ छताच्या दिव्याला जाऊन लागले. दिवा झुलायला लागला. मुळं फुटल्यामुळे त्याला जागचं हलता येईना, म्हणून तो दिवा धरून उभा राहिला.

"जावईबापू," मागून आवाज आला, "बल्ब गेलाय का?"

दारात सासूबाई. हातात पिशवी, नाकावर चष्मा. जिराफाला मागे वळून बघता येईना, म्हणून त्यानं दिव्याला धरूनच गिरकी घेतली. चेहऱ्याचा रंग उडालेला.

"आई! तुम्ही... रंगाचं...?"

"रंगारी जेवायला गेलाय, आणि त्या वासानं माझं डोकं धरलं. आले परत." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं, मोज्यातल्या अंगठ्याकडे पाहिलं. कुणीही दुसरं असतं तर हसलं असतं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खूप अवघडून विचारलं, "तुमची हरकत नसेल तर... मीही करू का? त्या स्टुलावर बसून बसून माझे गुडघे पार कामातून गेलेत. डॉक्टर मलाही हेच सांगतात. पण एकटीला लाज वाटते."

आता नाही कसं म्हणणार? "या ना, आई," जिराफ म्हणाला. "रजई मोठी आहे."

सासूबाई आत गेल्या आणि नातीचा शाळेच्या खेळाचा पोशाख घालून बाहेर आल्या. गडद निळा, बाजूनं पिवळ्या पट्ट्या, पाठीवर भला मोठा सात. जिराफानं ओठ दातांखाली गच्च धरले आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

सुरुवात शिस्तीत झाली. दोघं रजईच्या दोन टोकांना उभी राहिली आणि एकमेकांकडे अजिबात न बघता हात वर-खाली करू लागली. बाई म्हणाली श्वास घ्या, दोघांनी घेतला. बाई म्हणाली सोडा, जिराफानं सोडला तो जरा मोठ्यानं सुटला.

"माफ करा, आई."

"अहो, त्यात काय. सोडायचाच होता."

मग मांजरासारखं पाठ वर-खाली करायचं आलं. मग बाई म्हणाली, "आता हात-पाय टेकून कंबर उंच उचला. हे आहे अधोमुख श्वानासन."

"श्वान म्हणजे कुत्रा ना?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"हो, आई."

"मग सरळ कुत्रा म्हणावं की."

दोघांचे कुत्रे झाले. सासूबाईंचा बुटका आणि घट्ट, जिराफाचा एखाद्या पुलासारखा. रक्त डोक्यात उतरलं. चष्मे आधीच काढून ठेवलेले; दोघांनाही पायांच्या फटीतून उलटा, धुरकट टीव्ही दिसत होता, आणि त्यात ती बाई, तशीच उलटी, शांत.

"इथेच थोडं थांबूया," बाई म्हणाली.

थांबली. दोघंही थांबली.

कितीतरी वेळ गेला. जिराफाच्या दंडांना कापरं भरलं. घामाचा एक थेंब गालावरून वर, म्हणजे खाली, डोळ्यापर्यंत आला.

"आई," तो घुसमटलेल्या आवाजात म्हणाला, "ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. बाईंची कमाल आहे हो. जराही हलत नाहीत."

"सवय असते त्यांना."

"श्वाससुद्धा घेताना दिसत नाहीत."

जिराफानं उलट्या डोक्यानं विचार केला. "मग आपणही घ्यायचा नसेल."

दोघांनी श्वास रोखला. घरात अशी शांतता पसरली, की फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. सासूबाईंची कानशिलं लालबुंद झाली. जिराफाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. इंटरनेट गेलेलं आहे, बाई जागच्या जागी गोठलेली आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चक्र बापडं गरगर फिरतंय, हे दोघांपैकी एकालाही दिसत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी भस्सकन श्वास सोडला. "ही विसरली!"

"काय?"

"पुढचं वाक्य विसरली! आयुष्य गेलं माझं यात, मला कळत नाही का? असेच गोठतात. भले भले गोठतात. बघा, कशी उभीच्या उभी राहिलीय बिचारी." आणि डोकं खाली, कंबर वर अशा अवस्थेतच सासूबाईंनी आपला विंगेतला आवाज लावला, मऊ, धारदार, थेट पडद्याच्या दिशेनं: "'आता हळूच गुडघे टेका'... बाई... 'हळूच गुडघे टेका'..."

काहीच नाही.

"'गुडघे टेका'," सासूबाई पुन्हा म्हणाल्या, जरा जोर देऊन.

त्याच क्षणी इंटरनेट आलं. "आता हळूच गुडघे टेका," पडद्यावरची बाई म्हणाली.

"शब्द घेतला!" सासूबाई ओरडल्या. "घेतला बघा तिनं! अजून जमतंय मला!"

जिराफ धाडकन गुडघ्यांवर आला आणि तोंड रजईत खुपसून बसला. त्याचे खांदे गदगदत होते. सासूबाईंना वाटलं, दम लागलाय. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "पाणी आणू का, जावईबापू?" त्यानं तोंड न उचलता हातानंच नको म्हणून खूण केली. तोंड उचलायची त्याची हिंमत नव्हती.

पण खरा कडेलोट पुढे झाला. पुढचं आसन होतं झाडाचं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला लावायचा, हात जोडून वर. "समोर एका बिंदूवर नजर स्थिर करा," बाई म्हणाली. सासूबाईंनी खिडकीचा पडदा निवडला. जिराफाला बिंदू सापडेना, म्हणून त्यानं सासूबाईंच्या पाठीवरच्या सातावर नजर ठेवली. सात डुलत होता. सात जसा डुलला तसा जिराफही डुलला, आणि त्याचा मोजा रजईवरून फरशीवर आला.

मोजा घसरला तो घसरलाच. जिराफाचा एकच टेकलेला पाय हळूहळू, अगदी सभ्यपणे, दाराच्या दिशेनं निघाला. "आई," तो म्हणाला, "मी चाललो."

सासूबाईंनी वळून पाहिलं. ताडमाड जावई हात जोडून, एका पायावर, त्यांच्या अंगावर कलत येत होता. आणि इतक्या वर्षांची इस्त्री एका झटक्यात चुरगळली.

"अरे गाढवा!" त्या कडाडल्या. "दुसरा पाय! दुसरा पाय टेक ना!"

त्यानं टेकला, पण तो त्यांच्या पायाखालच्या रजईवर. रजई सरकली. सासूबाईंनी आधारासाठी हात टाकला तो खिडकीच्या पडद्यावर. जिराफानं हात टाकला तो सोफ्यावर, आणि सोफ्याला चाकं होती. सोफा दिमाखात खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, त्यावरच्या सगळ्या उशा खाली पडल्या, उशांवर जिराफ पडला, आणि मग पडद्याचा दांडा भिंतीतून कुरकुर करत निघाला आणि सासूबाई पडद्याला लोंबकळत, अगदी सावकाश, मानानं खाली उतरल्या. शेवटी तो जाड, हिरवा पडदा दोघांवर पसरला आणि सगळं अंधारलं.

कुणाला काही लागलं नव्हतं.

"जावईबापू," अंधारातून बारीक आवाज आला.

"हो, आई."

"मी तुम्हाला गाढव म्हटलं."

"हो, आई."

"एवढी वर्षं झाली. कधी म्हटलं नव्हतं हो."

जिराफानं विचारलं, "मनातसुद्धा नाही?"

सासूबाईंनी विचार केला. त्या प्रामाणिक बाई होत्या. "मनात... एकदा-दोनदा."

"कधी?"

"तुम्ही माझ्या नाटकाला आला होतात आणि घोरलात. करुण प्रसंग होता. नायिका मरत होती. तुमचं घोरणं ऐकून तिनं डोळे उघडले."

बस्स. जिराफाच्या पोटातून हसण्याचा पहिला उमाळा असा फुटला, की पडदा फुग्यासारखा वर उडाला. त्या पाठोपाठ सासूबाई. एखादा जुना नळ बरेच दिवसांनी सोडावा, आधी नुसती हवा यावी, मग खळाळून पाणी, तसं त्यांचं हसू आलं. जिराफानं ते कधी ऐकलंच नव्हतं. त्यामुळे तो आणखी हसला. त्याला हसताना ऐकून त्यांची मुरकुंडी वळली. पडद्यातून बाहेर पडायचा प्रयत्न केला, तर दोघं दोन दिशांना ओढू लागली आणि आणखीच गुंडाळली गेली. आणि टीव्हीवरची बाई, जिला यातलं काही माहीत नव्हतं, ती शांतपणे म्हणाली, "चेहऱ्यावर हलकंसं स्मित असू द्या."

"हलकंसं!" सासूबाई किंचाळल्या आणि त्यांनी जिराफाच्या पाठीत धपाटा घातला.

बायको आणि लेक एकदमच घरी आल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? भिंतीला दांड्याच्या जागी दोन भोकं, सोफा स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि खोलीच्या मध्यभागी एक हिरवा ढीग, हुंदके देत हलणारा. बायकोच्या हातातली पिशवी गळून पडली. "आई! काय झालं? कोण रडतंय?"

ढिगातून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, गाल ओले. "आम्ही शवासन करतोय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आत गेल्या.

"आजी, शवासनात हसत नाहीत," लेक म्हणाली. मग तिनं आजीच्या अंगावरचा पोशाख पाहिला. "आणि तो माझा आहे!"

"माझा पडदा," बायको म्हणत होती. "अहो, माझा नवा पडदा! आणि तुम्ही काय दात काढताय? मान कशी आहे ते सांगा आधी. ज्यासाठी हा सगळा तमाशा केलात ती मान!"

ती दाराशी उभी होती, म्हणजे त्याच्या उजवीकडे. जिराफ हसत हसत तिच्याकडे वळला. "मान ना? तशीच आहे गं. अजिबात वळत..."



"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तू उजवीकडे बघतोयस."

जिराफानं डोळे विस्फारले. खरंच की. बायको दिसत होती, तिच्यामागचं दार दिसत होतं, दारावरच्या कोटांची खुंटी दिसत होती. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हे करतोय, आणि लक्षात येताक्षणी मान कटकन जागच्या जागी बसली. "गेली परत," तो खिन्नपणे म्हणाला.

"पण आली होती!" सासूबाई ढिगातून उभ्या राहत म्हणाल्या. "म्हणजे मान बिघडलेली नाही. तुम्ही तिला धरून ठेवलंय, भीतीनं. माझे नट असंच करायचे. विसरू म्हणून घाबरायचे आणि म्हणूनच विसरायचे."

रविवारी सगळ्या घरानं त्याला हसवायचा चंग बांधला. लेकीनं गुदगुल्या केल्या, बायकोनं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली, ज्यानं दोन्ही डाव्या पायाचे बूट नेले होते आणि आठवड्यानं येऊन सांगितलं होतं की छान बसतात. जिराफ हसला, पण कसनुसा. मुद्दाम हसू म्हटलं की येत नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सोडा. आपण आपला व्हिडिओ लावू." या वेळी चौघंही रजईवर उतरली, जिराफ अनवाणी. इंटरनेट एकदाही गेलं नाही, याचं सासूबाईंना वाईट वाटलं. मान थोडी, खरंच थोडीशी, सैल झाली.

सोमवारी सासूबाई डॉक्टरांकडे बरोबर आल्या. नको म्हटलं तरी आल्या. "मी बाहेर बाकावर बसेन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही," असं म्हणून. बाक दाराच्या समोरच होता, आणि दार अर्धवट उघडं.

"बघा उजवीकडे," डॉक्टर म्हणाले.

तळघरातली ती ट्यूबलाइट जिराफाच्या डोळ्यांपुढे फडफडली. मान दगड झाली. आणि सवयीप्रमाणे, काही न सुचून, त्यानं फक्त डोळे उजवीकडे फिरवले, इतके, की पांढरंच उरलं.

बाहेरच्या बाकावरून सासूबाईंना तो चेहरा दिसला. उंच, गंभीर माणूस, ताठ बसलेला, आणि डोळे खुळ्यासारखे कोपऱ्यात. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला. पिशवी दाबली. शेवटी पिशवीच्या आडून 'फुस्स' असा आवाज आला, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा.

"कोण ते?" म्हणत जिराफानं सरळ उजवीकडे, दाराकडे मान वळवून बघितलं, आणि त्याचाही बांध फुटला.

"थांबा!" डॉक्टर खुर्चीतून उठले. "तसेच थांबा. हलू नका." त्यांनी त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं, खांद्यापर्यंतचं अंतर बघितलं, मान दाबून बघितली. जिराफ त्यांच्या हातात गदगदा हलत होता. "हे काल-परवापर्यंत नव्हतं. काय केलंत?"

"योग," जिराफ कसाबसा म्हणाला. "सासूबाईंबरोबर."

डॉक्टरांनी दाराबाहेर पाहिलं. पिशवीमागून एक ओला, लाल चेहरा त्यांना आदरानं नमस्कार करत होता.

"मला समजून घ्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चालू ठेवा. निम्मा दिवस वर बसायला परवानगी देतो. केबिनमध्ये उजव्या बाजूला आरसा लावून घ्या, दर तासाला उठून मान फिरवा. महिन्यानं परत दाखवा."

जिराफानं डॉक्टरांचा हात इतका जोरात हलवला, की आता त्यांनाच खांदा दाखवायला जावं लागणार असं वाटलं. बाहेर येऊन त्यानं सासूबाईंना बाकावरून उठवलं आणि त्या पिशवीसकट हवेत उचलल्या जातील की काय असं घट्ट धरलं.

"अरे, सोड! लोक बघतायत!"

"बघू देत!"

मंगळवारी सकाळी तो शिडी चढला. एक एक पायरी चढताना त्याला वाटत होतं, आपण शिट्टी वाजवतोय. वाजवतच होता. केबिनमध्ये बसून त्यानं आधी उजवीकडे पाहिलं. नदीच्या पलीकडे कुणाच्या तरी गच्चीत लाल चादर वाळत होती. ती तिथे नेहमीच असणार. त्यालाच इतके दिवस दिसली नव्हती. खालचा इशारेवाला वॉकीटॉकीवर म्हणाला, "जिराफ, वर कोण आहे तुझ्याबरोबर? कुणाशी हसतोयस?" जिराफ म्हणाला, "कुणी नाही," आणि काँक्रीटची पहिली बादली उचलली.

आठवड्याभरानं सासूबाईंचं घर रंगवून झालं आणि त्या आपल्या घरी गेल्या. जिराफानं त्यांची बॅग बसपर्यंत नेली आणि बस सुटेपर्यंत उगाचच टायरांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून चहाही व्हायचा होता, फोन वाजला.

"उठलास का?" सासूबाई म्हणाल्या. "चल, लाव व्हिडिओ. फोन स्पीकरवर ठेव, मी इथे लावलाय. आज दुसरा भाग आहे. मी काल रात्री थोडासा बघून ठेवलाय, अवघड आहे म्हणे."

"आई, एकट्या करू नका अवघड काही."

"एकटी कुठे? तू आहेस ना फोनवर. चल, श्वास घे."

जिराफानं घेतला. दोन घरांतल्या दोन टीव्हींवर ती बाई एका मागोमाग एक, जराशा अंतरानं, नमस्कार म्हणाली, आणि मग प्रत्येक सूचना दोनदा येऊ लागली, घुमणाऱ्या विहिरीत बोलावं तशी. उजवा पाय पुढे, उजवा पाय पुढे. हात मागे, हात मागे. बायको आतून डोळे चोळत येऊन दाराला टेकून बघत राहिली.

"आता तोल सांभाळत हळूच वळा," बाई म्हणाली.

फोनमधून धप्प असा आवाज आला. मग काहीतरी गडगडत गेलं, बहुधा रंगाचा रिकामा डबा. मग शांतता.

"आई?" जिराफ ओरडला. "आई! लागलं का?"

पलीकडे हसण्याच्या त्या जुन्या नळातून आधी नुसती हवा आली.

मग पाणी.